कोणाच्या खुर्चीत बसून? : हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन आणि एक जुना प्रश्न

आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एका विद्यापीठातली व्यवस्थापन शाळा निवडली आहे, आणि तिचा इतिहास तिच्या प्रमुखांच्या बदलांमधून सांगणार आहोत. विषय ऐकून कुणाला वाटेल, यात इतिहास कसला? एक गेला, दुसरा आला. सत्कार झाला, भाषण झालं. पण ही शाळा थोडी वेगळी आहे. तिथून बाहेर पडलेल्या लोकांनी कंपन्या चालवल्या, युद्धाचे हिशेब मांडले, बँका उभ्या केल्या आणि काही बुडवल्याही. त्यामुळे तिथे काय शिकवायचं हे ज्याच्या हातात, त्याचा निर्णय तिथं कधी पाऊलही न टाकलेल्या माणसाच्या पगारापर्यंत पोचतो.

१ जानेवारी २०२१ रोजी श्रीकांत दातार यांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन, म्हणजे अधिष्ठाता, म्हणून सूत्रे हाती घेतली. ते या शाळेचे अकरावे डीन. दातार हे आडनाव महाराष्ट्रात ओळखीचे, शिवाय पदवी मुंबई विद्यापीठाची, १९७३ सालची; त्यामुळे आपल्याकडे या बातमीचं कौतुक झालं ते साहजिकच. कौतुकाबद्दल आमची तक्रार नाही. पण कौतुक ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. नवा प्रमुख संस्थेची दिशा बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतो?

आजचं आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. व्यवस्थापन शाळेची दिशा नव्या डीनच्या पहिल्या भाषणात सापडत नाही, ती वर्गात सापडते. आणि वर्गात एकच गोष्ट पाहायची असते : विद्यार्थ्याला कोणाच्या खुर्चीत बसवून विचार करायला लावतात? मालकाच्या, व्यवस्थापकाच्या, भागधारकाच्या की कामगाराच्या? शंभर वर्षांत ही खुर्ची अनेकदा बदलली. कधी डीनने ठरवून बदलली, कधी डीनच्या डोळ्यांदेखत बदलत गेली.

‘व्यवसाय’ या शब्दाची अडचण

आधी एक भाषेची गोष्ट. मराठीत आपण डॉक्टरचा व्यवसाय म्हणतो, वकिलीचा व्यवसाय म्हणतो, आणि किराणा मालाचा व्यवसायही म्हणतो. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत : डॉक्टर-वकिलांचं ते प्रोफेशन, दुकानदाराचा तो बिझनेस. पहिल्याला आपण आज ‘पेशा’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘धंदा’, म्हणजे गोंधळ होणार नाही. पेशात काय असतं? शिकून मिळवलेलं ज्ञान असतं, एक आचारसंहिता असते, आणि समोरच्याचं हित आपल्या फायद्याच्या आधी ठेवायचं, निदान तसं ठेवायची अपेक्षा असते. ती मोडली तर सनद जाऊ शकते. धंद्याला अशी सनद नाही.

हार्वर्डमध्ये १९०८ साली जो प्रयोग सुरू झाला, तो या दोन शब्दांमधलं अंतर मिटवण्याचा होता. धंद्याचा पेशा करता येईल का, हा तो प्रश्न.

इतिहासाचा प्राध्यापक डीन होतो

अमेरिकेत त्या आधी व्यापारशिक्षण नव्हतं असं नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल १८८१ मध्ये निघाले होते, डार्टमथमध्ये टक स्कूल १९०० मध्ये. पण पदवी घेतलेल्यांनाच प्रवेश देऊन ‘मास्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही पदवी देणारी पहिली शाळा हार्वर्डची. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी कायदा आणि वैद्यक या दोन्ही शाळांची शिस्त आपल्या कारकिर्दीत बदलली होती. आता धंद्याची पाळी होती. काळही तसाच होता. रेल्वे, पोलाद, तेल यांच्या प्रचंड कंपन्या तयार झाल्या होत्या आणि १९०७ मध्ये न्यू यॉर्कच्या बँकांवर मोठं संकट येऊन गेलं होतं. एवढ्या मोठ्या यंत्रणा चालवणारी माणसं कोणत्या तालमीत तयार होतात, हा प्रश्न लोक विचारू लागले होते.

पहिला डीन म्हणून एलियट यांनी कोणाला निवडलं? एडविन गे यांना. हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. शिक्षण जर्मनीत, बर्लिनमध्ये गुस्टाव्ह श्मोलर यांच्याकडे. अभ्यासाचा विषय इंग्लंडमधली शेतजमिनींची कुंपणबंदी. धंद्याचा अनुभव शून्य. आज एखाद्या व्यवस्थापन संस्थेनं मध्ययुगीन जमिनींच्या अभ्यासकाला संचालक केलं, तर वर्तमानपत्रांत विनोद होतील.

पण गे यांच्याकडे एक स्पष्ट विचार होता. धंदा म्हणजे विकण्यासाठी वस्तू बनवणे, त्यातून नफा मिळवणे, आणि हे सगळे सचोटीने करणे, अशी त्यांची मांडणी होती. तिन्ही भाग महत्त्वाचे. नफ्याला ते कमी लेखत नव्हते, पण सचोटी काढून घेतली तर उरतं ते शिकवायला विद्यापीठ कशाला हवं, असा त्यांचा रोख. पहिल्या वर्षी अनिवार्य विषय तीन : हिशेबलेखन, व्यापारी करार आणि अमेरिकेची आर्थिक साधनसंपत्ती. तिसरा विषय पाहा. विद्यार्थ्याला गल्ल्यामागे बसवण्याआधी देशाचा नकाशा दाखवायचा, हा इतिहासकाराचा हात आहे.

गे यांना अडचण आली ती शिकवायच्या सामग्रीची. पुस्तकं नव्हती, आकडे नव्हते. म्हणून १९११ मध्ये व्यवसाय संशोधन विभाग सुरू झाला आणि त्यांनी पहिला विषय कोणता घेतला, तर चपलाबुटांची किरकोळ दुकानं. दुकानाचा खर्च किती, भाडं किती, पगार किती, हे मोजायला सुरुवात झाली. त्याच सुमारास आर्च शॉ या प्रकाशकाने वर्गात एक प्रयोग केला. उद्योजकाला बोलवायचं, त्याने आपली खरी अडचण सांगायची, विद्यार्थ्यांनी उपाय लिहून आणायचा, आणि उद्योजकानं परत येऊन त्यावर बोलायचं. पुढे जगभर गेलेल्या ‘केस’ पद्धतीचं हे बीज.

डॉनम आणि व्यवस्थापकाची खुर्ची

१९१९ मध्ये गे न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्राची धुरा घ्यायला गेले आणि डीन झाले वॉलेस डॉनम. ते कायद्याचे पदवीधर आणि बँकेत काम केलेले. त्यांनी तेवीस वर्षे ही शाळा चालवली, आणि आज जिला आपण हार्वर्डची पद्धत म्हणतो ती बरीचशी त्यांची.

कायद्याच्या शाळेत क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० पासून न्यायालयांचे निकाल वाचून कायदा शिकवायला सुरुवात केली होती. डॉनम त्याच तालमीतले. त्यांनी ठरवलं, धंदाही असाच शिकवायचा. पण एक फरक होता. न्यायालयांचे निकाल छापलेले असतात, धंद्यातले निर्णय कुठे छापलेले असतात? मग संशोधन विभागाची माणसं कंपन्यांमध्ये पाठवली गेली. त्यांनी अडचणी लिहून आणल्या. वर्गात प्राध्यापकानं उत्तर सांगायचं नाही. विद्यार्थ्यानं आदल्या रात्री केस वाचायची आणि सकाळी सगळ्यांसमोर सांगायचं, मी असतो तर काय केलं असतं.

‘मी असतो तर.’ या तीन शब्दांत पद्धतीची सगळी ताकद आहे, आणि मर्यादाही आहे. कारण हा ‘मी’ कोण? १९२१ मध्ये लिहिली गेलेली जनरल शू कंपनीची केस हार्वर्डमधली पहिली लेखी केस मानली जाते. जेमतेम एक पान. अडचण अशी की कामाची वेळ संपण्याच्या बऱ्याच आधी कामगार हात थांबवतात. वाचणाऱ्या विद्यार्थ्यानं व्यवस्थापनाच्या बाजूनं विचार करायचा. कामगार केसमध्ये आहे, पण अडचण म्हणून. खुर्ची त्याची नाही. आम्ही हे दोष काढायला सांगत नाही. शाळा व्यवस्थापक घडवायला निघाली होती, तेव्हा खुर्ची व्यवस्थापकाचीच असणार. पण ती तशी आहे, हे शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

डॉनम यांच्या काळातली दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पैसा आणि जागा. १९२४ मध्ये निधी गोळा करण्याचं काम सुरू होतं. न्यू यॉर्कचे बँकर जॉर्ज बेकर यांच्याकडे दहा लाख डॉलर मागायला लोक गेले. बेकर म्हणाले की काही भाग देण्यात त्यांना रस नाही. पण पूर्ण शाळा उभारायची संधी एकट्याला मिळणार असेल तर ५० लाख डॉलर देतो. ते मिळाले. चार्ल्स नदीच्या पलीकडे, बॉस्टनच्या बाजूला, नवा परिसर उभा राहिला आणि १९२७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. विद्यापीठाचा मुख्य परिसर नदीच्या या तीरावर, धंद्याची शाळा त्या तीरावर. आजही पुलावरून जावं लागतं. तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान एकीकडे आणि धंदा दुसरीकडे, हे अंतर नकाशावरच उमटलं.

डॉनम यांना ते अंतर जाणवत होतं. त्यांनी एल्टन मेयो यांना १९२६ मध्ये आणलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या प्रसिद्ध अभ्यासात मेयो आणि त्यांचे सहकारी सामील झाले. तिथं वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. कामगार काय म्हणतो हे कुणीतरी बसून ऐकलं. पुढे यावर टीकाही झाली, की हे ऐकणं व्यवस्थापकाचं काम सोपं व्हावं म्हणून होतं. टीका खोटी नाही. तरीही, जिथं कामगार केवळ अडचण होता, तिथं तो बोलणारा माणूस झाला.

मग १९२९ ची मंदी आली. शाळेनं घडवलेली, सन्मानित केलेली माणसं ज्या बँका आणि कंपन्या चालवत होती, त्या कोसळू लागल्या. डॉनम यांनी १९३१ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच म्हटलं की धंदा दिशाहीन वाहत चाललाय. प्रत्येक व्यवस्थापक आपल्या कंपनीपुरता शहाणा, आणि सगळे मिळून समाजाला खड्ड्यात नेतात, ही त्यांची चिंता. आम्हाला यात विशेष वाटतं ते हे : ज्या डीननं व्यवस्थापकाची खुर्ची वर्गाच्या मधोमध मांडली, त्याच डीनला दहा वर्षांत दिसलं की या खुर्चीतून फार दूरचं दिसत नाही.

आकड्यांचा काळ

१९४२ मध्ये डोनाल्ड डेव्हिड डीन झाले तेव्हा युद्ध सुरू होतं. नेहमीचे वर्ग बाजूला सारून शाळेने सैन्यासाठी अभ्यासक्रम चालवले. त्यांतला एक होता हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना संख्याशास्त्रीय नियंत्रण शिकवण्याचा. किती विमानं, किती सुटे भाग, किती इंधन, कुठे. हे काम करणाऱ्यांत एक तरुण अध्यापक होते रॉबर्ट मॅकनमारा, याच शाळेचे १९३९ चे पदवीधर. पुढे ते फोर्ड मोटर कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि नंतर व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री. मोजता येतं त्यावर नियंत्रण ठेवता येतं, हा विश्वास कुठून कुठे गेला, ते आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे.

१९५९ मध्ये आणखी एक वळण आलं, आणि ते कोणत्याही डीनने दिलं नव्हतं. फोर्ड फाउंडेशनच्या पाठिंब्याने रॉबर्ट गॉर्डन आणि जेम्स हॉवेल या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अहवाल निघाला. त्यांनी अमेरिकेतल्या व्यवस्थापन शिक्षणाला चांगलंच झोडपलं : विद्यार्थी कच्चे, प्राध्यापकांचं संशोधन किरकोळ, अभ्यासक्रम हस्तव्यवसायासारखा. उपाय काय, तर गणित, अर्थशास्त्र, वर्तनशास्त्र. फाउंडेशनचा पैसा त्या दिशेनं वाहू लागला. पिट्सबर्गची कार्नेगी टेकची शाळा आदर्श ठरली. शाळांची इभ्रत वाढली, यात शंका नाही. पण पेशा म्हणजे ज्ञान आणि आचार अशी जी जोडी होती, तीतलं ज्ञान पुढे गेलं आणि आचार मागे राहिला.

आता १९८५ कडे येऊ. डीन होते जॉन मॅकआर्थर. त्या वर्षी मायकेल जेन्सन हार्वर्डमध्ये शिकवायला आले. १९७६ मध्ये विल्यम मेकलिंग यांच्यासोबत त्यांनी एक निबंध लिहिला होता. सार असं : व्यवस्थापक हा मालकांचा हस्तक असतो, हस्तक स्वतःचं बघतो, म्हणून त्याला असं बांधून ठेवा की त्याचं हित आणि भागधारकांचं हित एक होईल. त्यातून व्यवस्थापकांना समभागांच्या रूपानं मोबदला देण्याला मोठं बळ मिळालं. आता वर्गातली खुर्ची पाहा. विद्यार्थी व्यवस्थापकाच्या जागी बसलाय, पण त्याच्या मागे भागधारक उभा आहे आणि खांद्यावरून कागद बघतोय. पेशा राहिला बाजूला; व्यवस्थापक भाडोत्री हात झाला. हे आमचं मत नाही फक्त. हार्वर्डच्याच राकेश खुराना यांनी २००७ मध्ये यावर एक सविस्तर पुस्तक लिहिलं, आणि त्याच्या नावातही ‘भाडोत्री हात’ हे शब्द आहेत.

गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, याच दशकात, १९८७ मध्ये, शेअर बाजार नियामक मंडळाचे प्रमुख जॉन शॅड यांनी नीतिशिक्षणासाठी आपल्या या जुन्या शाळेला २ कोटी डॉलर देऊ केले. एका खोलीत नीती, शेजारच्या खोलीत भागधारकाचं हित. विद्यार्थ्याला नोकरी कोणत्या खोलीतलं शिकून मिळते, हे त्याला बरोबर कळतं. २००१ मध्ये एन्रॉन कोसळली. तिचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जेफरी स्किलिंग १९७९ चे हार्वर्ड एमबीए, आणि तेही गुणवत्तेचा मान मिळवलेले. आपल्याकडे दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव गावागावांत पोचलं होतं. कोकणातला तो वाद आणि बॉस्टनमधला तो वर्ग यांत अंतर वाटतं तेवढं नाही.

अहमदाबादचा फाटा

इथे थोडं वळून आपल्या बाजूला यायला हवं, कारण दातार यांची वाट इथूनच जाते. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झालं, हार्वर्डच्या शाळेनंतर पाचच वर्षांनी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात तिथे अर्थशास्त्र शिकवत. म्हणजे वाणिज्य शिक्षणाची परंपरा आपल्याकडे उशिरा आली असं नाही. व्यवस्थापनाच्या दोन महत्त्वाच्या संस्था मात्र साठच्या दशकात आल्या : १९६१ मध्ये अहमदाबादला, हार्वर्डच्या मदतीने, आणि १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था, स्टॅनफर्डच्या सहकार्याने.

अहमदाबादला विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांची दृष्टी होती, फोर्ड फाउंडेशनचा पैसा होता, आणि सुरुवातीच्या उभारणीत कमला चौधरी यांचा मोठा वाटा होता. लक्षात घ्या, ज्या वर्षी अहमदाबादची संस्था जन्माला आली, त्या वर्षी हार्वर्डच्या एमबीएच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. तो १९६३ मध्ये मिळाला, आठ जणींना.

१९६५ मध्ये रवी मथाई अहमदाबादचे पूर्णवेळ संचालक झाले. वय चाळिशीच्या आत. १९७२ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. नंतर राजस्थानातल्या जवाजा भागात विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांसोबत त्यांनी काम केलं. व्यवस्थापन हे या लोकांच्या खुर्चीत, खरं तर त्यांच्या मागाजवळ बसून शिकता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या मते हार्वर्डच्या शंभर वर्षांत जे सुचलं नाही ते इथे एका माणसानं करून पाहिलं : आधी खुर्ची सोडली, मग ती कोणाची असावी हे शोधायला गेला.

याच अहमदाबादच्या संस्थेतून श्रीकांत दातार १९७८ मध्ये बाहेर पडले. पुढे स्टॅनफर्डला डॉक्टरेट, कार्नेगी मेलनमध्ये आणि स्टॅनफर्डमध्ये अध्यापन, आणि १९९६ पासून हार्वर्ड. विषय : परिव्यय हिशेब, म्हणजे कॉस्ट अकाउंटिंग. आपल्याकडच्या अनेक वाणिज्य विद्यार्थ्यांच्या टेबलावर त्यांचं सहलेखन असलेलं जाड पुस्तक असतं.

लिहिणारेच खुर्चीवर आले

२००८ च्या आर्थिक संकटानंतर काय घडलं ते पाहा. ऑक्टोबर २००८ मध्ये राकेश खुराना आणि नितीन नोहरिया यांनी एक लेख लिहिला : व्यवस्थापनाला खरा पेशा करा, डॉक्टरांसारखी आचारसंहिता आणा. पुढच्या वर्षी पदवी घेणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने तशी शपथ घेतली. २०१० मध्ये नोहरिया डीन झाले. आयआयटी मुंबईचे ते पदवीधर.

त्याच २०१० मध्ये दातार यांनी डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलेन यांच्यासोबत एमबीएच्या फेरविचारावर पुस्तक काढलं. त्यांचं निदान असं : शाळा जाणणं शिकवतात, करणं कमी शिकवतात, आणि आपण कोण आहोत याचं भान तर फारच कमी देतात. दहा वर्षांनी दातार डीन झाले.

म्हणजे दोघांनीही आधी रोगाचं वर्णन केलं आणि मग दवाखाना त्यांच्या ताब्यात आला. हे विद्यापीठाच्या इतिहासात क्वचित घडतं. मग झालं काय? नोहरियांनी पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना लहान गटांत परदेशी पाठवून काम करायला लावलं. वर्गाबाहेरचं शिक्षण केसच्या जोडीला आणलं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी शाळेतल्या स्त्रियांना मिळालेल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली आणि सांगितलं, केसमधली मुख्य व्यक्ती स्त्री असण्याचं प्रमाण २० टक्क्यांवर नेऊ. तोवर ते १० टक्क्यांच्याही आत होतं. हे आम्हाला माफीपेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण ते थेट खुर्चीबद्दल आहे. रोज सकाळी वर्गातली मुलं-मुली कोणाच्या नावानं ‘मी असतो तर, मी असते तर’ म्हणतात, ते बदलण्याचं ते वचन होतं. शपथ मात्र त्यांच्या दहा वर्षांत पदवीची अट झाली नाही. पेशाची सनद तिथंच थांबली.

त्या वर्षांत मुंबईचे डबेवालेही हार्वर्डच्या वर्गात पोचले. स्टीफन थॉमके यांनी लिहिलेली ती केस २०१० ची. आपल्याकडे त्याचा अभिमान खूप, पण केसमधली खुर्ची कोणी पाहिली? डबेवाल्यांत मुकादम असतो, आणि तोही डबे उचलतो. काम करणारा आणि चालवणारा इथे एकच. जनरल शू कंपनीपासून इथवर नव्वद वर्षांत वर्गाला एक वेगळी खुर्ची मिळाली. ती एका केसपुरती राहते की बाकीच्या केसेसना प्रश्न विचारते, हे महत्त्वाचं.

दातार यांची सुरुवात महामारीत झाली. अर्धा वर्ग समोर, अर्धा पडद्यावर. त्याआधी जून २०२० मध्ये नोहरियांनी वंशभेदाबाबत शाळा कमी पडल्याची कबुली दिली होती आणि सप्टेंबरमध्ये कृती आराखडा आला होता. तो वारसा दातार यांच्याकडे आला. २०२२ मध्ये जाहीर झालं की ज्यांची आर्थिक गरज सर्वांत जास्त, अशा सुमारे दहा टक्के विद्यार्थ्यांचं पूर्ण शिक्षणशुल्क शाळा भरेल. विदा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांना अभ्यासक्रमात ठळक जागा मिळाली. यांतला शुल्काचा निर्णय आम्ही वरचा मानतो. खुर्चीत कोणाची कल्पना करायची हा एक भाग. खुर्चीपर्यंत कोण पोचतो हा दुसरा, आणि तो पैशाशी बांधलेला आहे.

पुढची दिशा

आता कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल एक शब्द, कारण पुढची दिशा म्हटली की हाच विषय निघतो. केस पद्धत उभी होती एका रात्रीवर. विद्यार्थी रात्री एकटा बसतो, अपुऱ्या माहितीतून निर्णय घेतो, सकाळी त्याची लाज किंवा शाबासकी सोसतो. आता ते विश्लेषण यंत्र मिनिटात लिहून देतं. मग शाळा काय शिकवणार? दातार यांच्याच २०१० च्या निदानाकडे परत जावं लागतं. जाणणं यंत्राकडे गेलं, तर माणसाकडे उरतं ते करणं आणि असणं. म्हणजे गे यांच्या व्याख्येतला तो तिसरा भाग, सचोटीचा. जो १९०८ मध्ये होता, १९५९ नंतर मागे पडला, १९८५ नंतर शेजारच्या खोलीत गेला, तो आता पुन्हा मधल्या टेबलावर येऊ शकतो. येईलच असं आम्ही म्हणत नाही. इतिहास असं सांगतो की तो आपोआप येत नाही. कुणीतरी नेमणुका, प्रवेश आणि केसेस यांत रोजचे छोटे निर्णय घ्यावे लागतात, आणि ते वर्तमानपत्रात येत नाहीत.

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर आपल्या गावातली, जिल्ह्यातली व्यवस्थापन महाविद्यालयं डोळ्यांसमोर आणा. पालक कर्ज काढून फी भरतात. नवा संचालक येतो, फलक लागतो, ‘जागतिक दर्जा’ हा शब्द येतो. तेव्हा विचारायचे प्रश्न साधे आहेत. वर्गात कोणत्या कंपन्यांची, कोणत्या माणसांची उदाहरणं आहेत? त्यांत साखर कारखान्याचा ऊसउत्पादक सभासद आहे का, यंत्रमागवाला आहे का, बचत गटाची बाई आहे का? की सगळीच उदाहरणं उसनी? फी भरू न शकणारा किती जण वर्गात आहेत? आणि नीती हा विषय वेगळ्या तासाला आहे, की हिशेबाच्या तासातही तो येतो?

गे यांना धंद्याचा अनुभव नव्हता, पण हे प्रश्न त्यांना पडले होते. दातार यांच्याकडे हिशेबाचं आयुष्यभराचं ज्ञान आहे आणि प्रश्नही त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेले आहेत. त्यांच्या कारकिर्दीचं मोजमाप भाषणांवरून करू नका, मराठी आडनावावरूनही करू नका. तिथले विद्यार्थी सकाळी वर्गात कोणाच्या वतीनं बोलतात, तेवढं पाहत राहा.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.